आशाचक्रण आणि रिकामा हॉल

रविवार, १४ डिसेंबर. सकाळ.

आजपासून ही रोजनिशी. ती केवळ माझ्यासाठी आहे. तरीही वाक्ये समजावून सांगितल्यासारखी उतरतील, कारण रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रात उभा जन्म शिकवण्यात गेला; निवृत्तीने पगार बंद होतो, सवय नाही. मधूनच 'वाचक' असा शब्द आला तर तो वाचक मीच आहे, असे समजावे.

प्रारंभ एका कोड्याने करतो. वाचकाच्या ते नजरेस आलेच असेल. प्रत्येक स्वयंपाकघराच्या दाराआड एक पिशवी लटकत असते आणि तिच्यात फक्त पिशव्या असतात. आमच्या चेन्नईत तर प्रत्येक लग्नात नारळ-विड्यासोबत पिवळी कापडी मंजप्पै हातात देतात. लग्ने होत राहतात, पिशव्या साठत राहतात. असे असूनही भाजीवाल्यासमोर उभे राहिल्यावर आपल्या हातात एकही पिशवी नसते. का?

माझे उत्तर असे: या अवस्थेला नाव नाही म्हणून. नाव नसलेला दोष दुरुस्त होत नाही. सिग्नलच्या बिघाडाला जोवर नाव मिळत नाही, तोवर गाड्या उशिरा धावतात आणि लोक हवेला दोष देतात. पर्यावरणाचेही तेच झाले आहे. लोकांना वाईट वागायचे नसते. आपण काय करतो आहोत हे सांगायला त्यांच्यापाशी शब्द नसतो. तो पुरवणे हे माझे निवृत्तीनंतरचे कार्य.

पहिला शब्द: पिशवीविस्मृती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

भाजी आणायला गेलो. वाटेत पत्नीला, रत्नप्रभेला, नव्या शब्दाची फोड करून सांगितली. तिने शांतपणे ऐकले. भाजीवाल्यापाशी पोहोचल्यावर लक्षात आले की पिशवी घरीच राहिली. परंतु या वेळी नेमके काय घडले ते आम्हा दोघांना एका शब्दात सांगता आले. ही प्रगती आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर.

दिवस फलदायी. तीन शब्द.

हरितलेप: कंपनीने डब्यावर हिरवे पान छापले की आतला माल सात्त्विक झाला असे वाटणे.

पुण्यजल: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी, जे आपण फरशी पुसायला म्हणून बादलीत धरतो. सध्या पॅसेजमध्ये बादल्यांची रांग आहे. रत्नप्रभेला अंधारात ठेच लागली. तिला पुण्यजलाचा अर्थ पुन्हा सांगितला.

शीतमोह: एसी लावण्याची अनावर इच्छा. हा शब्द मुळात दिवाळीत सुचला होता. मुलगा अनिकेत, सूनबाई निधी आणि नात रेवा दोन दिवस राहायला आले होते. रेवा तेव्हा नुकती बसू लागली होती. पोरीला घाम येतो म्हणून निधीने एसी मागितला. मी शीतमोह समजावून सांगितला, दक्षिण भारतातील पारंपरिक वायुवीजनाचा थोडक्यात इतिहासही सांगितला. ते त्याच संध्याकाळी परत गेले. अनिकेतची इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पहिली पाळी असते. कारण तेच असावे.

शुक्रवार, १९ डिसेंबर.

आनंदाची बातमी. रेवाचे पहिले बोरन्हाण आमच्याकडे करायचे ठरले. संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीला, तिघेही येणार आणि रात्रीचे राहणार. रत्नप्रभेने हे फोनवर कसे जमवले ते तिने सांगितले नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती पदराने चष्मा पुसत होती.

मग माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, एकच मागते. त्या दिवशी हॉल रिकामा हवा. पोर रांगायला लागलीय. तिला जमीन दिसू दे."

मी तिला आश्वासन दिले की हॉल आज आहे त्यापेक्षाही रिकामा असेल. आश्वासन लेखी हवे का, असेही विचारले. नको म्हणाली.

रविवार, २१ डिसेंबर.

सोसायटीची सभा, खाली पार्किंगमध्ये. अध्यक्ष वादिराजराव आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले. घरात आजही ती जुनी मराठी बोलतात, तमिळच्या चालीवर. मला जिन्यात भेटले की "काय करूलालांत, काशिनाथराव?" असे विचारतात, म्हणजे 'काय करता आहात'. मी उत्तर देऊ लागलो की त्यांना बहुधा काम आठवते.

आज मात्र त्यांनीच मला थांबवले. इकडे भोगीला पहाटे घरातील जुन्यापान्या वस्तू दारापुढे जाळतात. त्यांच्या पत्नी हरिप्रियाबाईंना श्वासाचा त्रास आहे. दरवर्षी भोगीच्या आदल्या दिवशी त्या कोवलमजवळ बहिणीकडे, समुद्राच्या वाऱ्यात जाऊन राहतात. स्वतःचा सण, पण स्वतःच्या घरात नाही. यंदा आपल्या इमारतीपुरती तरी आग टाळता येईल का, असे ते फार हळू आवाजात बोलले.

मी उभा राहिलो. प्रथम आपल्या भोगीत व त्यांच्या भोगीत काय फरक ते स्पष्ट केले: आपल्याकडे मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व न्हाणे, त्यांच्याकडे जुन्याचे दहन. ही तुलना कोणी मागितली नव्हती, परंतु पाया पक्का असावा. त्यानंतर माझा या महिन्यातील सर्वोत्तम शब्द मांडला.

आशाचक्रण. व्याख्या: एखादी निरुपयोगी वस्तू, तिचे पुढे काय होणार हे न पाहता, 'कोणाच्या तरी उपयोगी पडेल' या आशेवर दुसऱ्याच्या हवाली करणे आणि आपण पर्यावरण वाचवले असे समजून शांत झोपणे. तेलकट खोका रद्दीत टाकणारा माणूस आशाचक्री होय.

तेव्हा जाळायचे नाही आणि आशाचक्रणही करायचे नाही. तिसरा मार्ग: सर्वांनी जुन्या वस्तू माझ्याकडे द्याव्यात. पुनर्वापराचे काम करणारी एक संस्था त्या शास्त्रशुद्ध रीतीने घेऊन जाईल. नाव: भोगीदान.

लोकांनी अनपेक्षित उत्साहाने मान्यता दिली. प्रबोधनाची अशी तत्काळ फलनिष्पत्ती मी केंद्रातही पाहिली नव्हती.

वादिराजराव जिन्यात म्हणाले, "हरिप्रियेला सणाला घरात राहता आलं तर पुरे."

सोमवार, २२ डिसेंबर.

संस्थेला फोन केला. कीर्ती नावाच्या मुलीने घेतला. इंग्रजी उत्तम, ऐकण्याची तयारी बेताची. गाडी कधी पाठवू, असे तिने विचारले. मी म्हणालो, भोगीला सकाळी. ती म्हणाली, भोगीला सकाळी, नक्की. सणाचे नाव घेतले की तारखेचा घोळ होत नाही, ही व्यवस्थापनातील एक युक्ती नोंदवून ठेवतो.

नव्या वर्षाचे मराठी कॅलेंडर मेव्हणीने सांगलीहून पाठवले आहेच. भोगी १३ तारखेला. संक्रांत १४. म्हणजे बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी हॉल मोकळा. योजना घड्याळासारखी बसली आहे.

फक्त तोवर सामान ठेवायचे कुठे? पंपाच्या खोलीत पंप आहे. पार्किंगमध्ये मोटारी आहेत. जिन्यात ठेवणे आगीच्या नियमांविरुद्ध. तो नियम मी स्वतः शिकवला आहे. उरला आमचा हॉल. हा साठा नव्हे, हा टप्पा आहे. रत्नप्रभेला हा फरक सांगितला. तिने कॅलेंडरकडे पाहिले आणि १३ तारखेभोवती लाल पेनाने गोल काढला.

रविवार, २८ डिसेंबर.

पहिली आवक. गवती चटया, मूठ नसलेला कुकर, चाके गळालेल्या सुटकेसेस, फोमची गादी. व्यायामाची सायकल तर जवळजवळ नवी. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनी ती तीर्थरूपांना निरोप द्यावा तशी पोहोचवली आणि परतताना शीळ घालत गेले.

गुरुवार, १ जानेवारी.

संकल्प: (अ) रोज एक शब्द. (आ) आवक नियंत्रणात ठेवणे. (इ) कमी बोलणे.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून सोफा आला. त्यांना (आ) सविस्तर समजावून सांगितले. त्यामुळे (इ) राहिला. सोफाही राहिला.

मंगळवार, ६ जानेवारी.

हॉलमधून स्वयंपाकघरात जाण्यासाठी आता वळणावळणाचा मार्ग आहे. टीव्ही ऐकू येतो.

आवक तपासली. काही वस्तू गाडीला देण्यासारख्या नाहीत, त्या मी वेगळ्या काढल्या: टाचा झिजलेल्या चपला, फुटक्या प्लास्टिकच्या घागरी, उशा. कोणाच्या तरी उपयोगी पडतील. रत्नप्रभा दारात उभी राहून बघत होती. हेच ना ते तुमचं आशाचक्रण, असे तिने विचारले. मी तिला मूलभूत भेद सांगितला. आशाचक्रणात आशा करणारा अप्रशिक्षित असतो.

ती स्वयंपाकघराकडे वळली. पटले असावे.

रविवार, ११ जानेवारी.

रत्नप्रभा मैलापूरच्या बाजारातून बोरे घेऊन आली. चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या असे सगळे जमले. रेवासाठी काळे झबले शिवले आहे. हलव्याचे दागिने ती रात्री जागून स्वतः ओवते. हरिप्रियाबाई बघायला आल्या. लहान पोरीला सणाच्या दिवशी काळे कसे घालता, अशी त्यांना भीती वाटली. रत्नप्रभेने सांगितले की थंडीच्या सणाला काळे ऊब देते, आमच्याकडे तसेच. चेन्नईत थंडी कुठली, असे म्हणत दोघी हसल्या. नंतर हरिप्रियाबाईंनी झबल्यावर हात फिरवला आणि सांगितले की यंदा त्या कोवलमला जाणार नाहीत. काशिनाथरावांनी सांगितले आहे ना.

मला भरून आले. पुण्यजलाच्या बादलीवर हात टेकून उभा राहिलो.

बोरन्हाणाचे सगळे सामान फ्रिजवर ठेवले आहे. दुसरीकडे जागा नाही.

अनिकेतचा फोन. घरात पाय ठेवायला जागा आहे का, असे तो आईला विचारत होता. त्याला कोणी सांगितले कळत नाही. ती म्हणाली, तेराला संध्याकाळी मी हॉल पुसणार आहे, तुम्ही या.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी. पहाट.

पाच वाजल्यापासून फाटकाशी उभा आहे. विलक्षण दृश्य! आमच्या इमारतीत आग नाही. शेजारच्या गल्लीतही नाही. मेन रोडपर्यंत जाऊन आलो: संपूर्ण परिसरात धुराचा मागमूस नाही. मोहीम माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ लांब पोहोचलेली दिसते.

दुपार.

गाडी नाही. वाहतूक असेल. रत्नप्रभेची भोगीची भाजी उत्तम झाली होती. उभ्याने जेवलो.

संध्याकाळ.

कीर्तीला फोन लागला. ती म्हणाली, "सर, भोगी उद्या आहे."

वादिराजरावांकडे खात्री करून घेतली. त्यांच्या पंचांगात पोंगल, म्हणजे त्यांची संक्रांत, १५ला, म्हणून भोगी १४ला. दरवर्षी दोन्ही भोगी बहुधा एकाच दिवशी येतात, यंदा नाही. सूर्य मकर राशीत दुपारी जातो, आणि दुपारी गेलेला सूर्य कोणत्या दिवसाचा मानायचा याबाबत दोन्ही परंपरांचे गणित वेगळे आहे. दोन्ही कॅलेंडरे आपापल्या जागी बरोबर आहेत. रत्नप्रभेला हे कागदावर आकृती काढून दाखवले.

तिच्या हातात फरशी पुसायचे फडके होते, ओले. तिने ते पिळले. बाल्कनीत नेऊन वाळत घातले. मग कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे पाहत उभी राहिली.

हरकत नाही. गाडी उद्या सकाळी. बोरन्हाण उद्या चारला. मध्ये पुरेसा अवधी आहे.

बुधवार, १४ जानेवारी. पहाट.

ढोलक्यांच्या आवाजाने जाग आली. मुले भोगीचे छोटे ढोल बडवत होती. खिडकीबाहेर दिवे दिसत नव्हते, एवढा धूर. शेजारच्या गल्लीत, पलीकडे, सगळीकडे. काल नव्हता तो सगळा आज.

आमच्या इमारतीत मात्र एकही काडी पेटली नाही. हे नमूद करतो. हरिप्रियाबाई खिडक्या बंद करून, एसी लावून बसल्या आहेत, असे वादिराजराव म्हणाले. मी शीतमोह हा शब्द उच्चारला नाही.

सकाळ.

गाडी आली. कीर्ती स्वतः आली, वयाने निधीएवढी. तिच्या माणसांनी रद्दी, कुकर आणि सायकल उचलली. बाकीच्याला हात लावेनात. फोम चालत नाही, नायलॉन चालत नाही, दाबलेल्या भुशाचे रंगवलेले लाकूड चालत नाही. पुढे कोणी घेत नाही, शेवटी कचरा डेपोतच जाते. तिने मला ते फार धीराने, टप्प्याटप्प्याने समजावून सांगितले, पद्धत माझ्यासारखीच. लोक कोणीतरी घेईल या आशेवर सगळे देऊन टाकतात, म्हणाली, याला इंग्रजीत एक शब्दही आहे.

मी सांगितले की मराठीतही आहे. तिने विचारला. मी सांगितला, व्याख्येसह. तिने तो मोबाइलवर टिपून घेतला, छान आहे म्हणाली, आणि गाडीत बसून गेली.

अकरा वाजता.

एक गोष्ट मी जमेस धरली नव्हती. आज खरी भोगी. लोक आज खरे घर आवरतात. आधी आले ते केवळ वरवरचे होते. सकाळपासून दाराशी रांग आहे: पलंगाच्या फळ्या, पंखा, कृत्रिम फुले, आणखी गाद्या. नको म्हणावे तर तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थ नम्रपणे विचारतात, मग खाली जाळू का, सर? समोरच्या बंद दाराआडून खोकल्याचा आवाज येतो. मी म्हणतो, आत ठेवा.

दुसरा मार्ग असेल तर तो मला दिसत नाही. त्याला शब्दही सुचत नाही.

दुपारी चार.

अनिकेत, निधी, रेवा आले. दार अर्धेच उघडले. अनिकेतने आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. लहानपणीही तो चिडला की अशीच निघायची तयारी करी. निधीच्या कडेवरून रेवा खाली झेपावत होती. तिला जमीन हवी होती. निधी तिला कुठे ठेवावे ते शोधत होती आणि जागा मिळत नव्हती. रत्नप्रभा एका हातात पाट, दुसऱ्या हातात काळे झबले घेऊन गाद्यांच्या मध्ये उभी. निधी हळूच म्हणाली, आई, आपण आमच्याकडे जाऊन करू.

तेवढ्यात समोरचे दार उघडले. हरिप्रियाबाईंचे डोळे लाल होते, पण उभ्या होत्या.

"पोरीला इकडे आणा की. आमचं घर रितं आहे. होतं ते समदं तुमच्याकडेच दिलं."

मी त्यांच्या हॉलकडे प्रथमच नीट पाहिले. भिंतींना नवा चुना. फरशी ओली, लख्ख. मधोमध कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, आणि बाकी कडेपर्यंत मोकळी जमीन. मला वाटते, आज इमारतीतील प्रत्येक घर असेच असेल.

सगळे तिकडे गेले. मीही निघालो होतो. परंतु दार उघडताना वरची गादी घसरली आणि उंबऱ्यात आडवी बसली. हलवली तर मागचे सगळे आले असते. त्यामुळे समारंभ मी फटीतून पाहिला. रेवाला पाटावर बसवले. हरिप्रियाबाईंनी काळ्या झबल्यावर स्वतःच्या हाताने कुंकवाचे बोट टेकवले. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, रेवड्या ओतल्या. रेवा आधी दचकली, मग हसली, आणि पाटावरून उतरून थेट त्या टोकापर्यंत रांगत गेली. भिंतीला हात लावून परत आली. कोलम विस्कटले. कोणी रागावले नाही.

रत्नप्रभा टाळ्या वाजवत होती. तिने एकदा फटीकडे पाहिले. माझ्या वाटची बोरे वादिराजरावांनी गादीवरून आत सरकवली.

रात्री तिघेही राहिले. समोर. त्यांच्याकडे एसी आहे.

गुरुवार, १५ जानेवारी. पोंगल.

रेवा सकाळी गेली. जाताना दारातून तिने माझे बोट धरले होते. निधी म्हणाली, पुढच्या वेळी नक्की राहू. कुठे, ते बोलली नाही.

वादिराजरावांकडून गोड पोंगल, म्हणजे गूळ घातलेला भात, आला. हरिप्रियाबाईंनी निरोप पाठवला की सणाला घरात राहता आले. ही नोंद मी दोनदा वाचली.

आता शास्त्रीय भाग. या सर्व अनुभवातून एक साधी कसोटी तयार झाली आहे. घरातील कोणत्याही साठवलेल्या वस्तूकडे बोट दाखवावे आणि एका श्वासात ती वापरणाऱ्या माणसाचे नाव घ्यावे. 'कोणीतरी' हे नाव धरू नये. श्वास संपेपर्यंत नाव आले नाही तर ती वस्तू म्हणजे केवळ आशा होय.

दुपारी प्रयोग केला. गादी: नाव नाही. सोफा: नाव नाही. घागरी, फळ्या, कृत्रिम फुले: नाही. पुण्यजलाची बादली: मी 'रत्नप्रभा' म्हणालो. तिने मान हलवून तो निकाल रद्द केला.

मग कसोटी तिलाही शिकवावी म्हणून पद्धत समजावून सांगितली आणि एखादी वस्तू निवडायला सांगितले. तिने हॉलभर नजर फिरवली. शेवटी बोट माझ्याकडे वळवले. मोठा श्वास घेतला.

बराच वेळ रोखून धरला.

वाचकाने ही कसोटी आपल्या घरी अवश्य करून पाहावी. सोपी आहे, साहित्य लागत नाही. मात्र करताना घरात एकटे असावे.